ती धोबीण कुणालाच आठवली नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नरसिंहराव, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या ऑफिसातून एवढा ट्रॅफिक तुडवत फरीदाबादपर्यंत आलेले प्रमुख पाहुणे, मंडळाचे सर्व पदाधिकारी, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती विनया, आणि समोर बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या प्रतीकनं माझी ओळख करून देताना सांगितलं की कुसुमावतीबाई स्पष्टवक्त्या आहेत. आपल्याकडे हे विशेषण बाईला लावलं की त्याचा अर्थ 'हिला लवकर खाली बसवा' असा असतो. बसते. पण मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे दिलंय, तेवढं करून बसते.

मानपत्र देखणं आहे. जाड कागद, वळणदार अक्षर, भोवती सोनेरी नक्षी. विनयानं पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवलं, हे त्यात आहे. सेक्टरमध्ये नळाला पाणी नव्हतं तेव्हा टँकरसमोर उभं राहून तिनं बायकांची भांडणं सोडवली, तेही आहे. गणेशोत्सवातल्या प्रत्येक नाटकाला तिनं विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, हे तर पहिल्याच ओळीत आहे. आणि मग रक्तदान शिबिराच्या खाली आणि वृक्षारोपणाच्या वर एक वाक्य आहे. 'तसेच त्यांनी एका अनाथ बालिकेचा प्रतिपाळ करून समाजापुढे आदर्श ठेवला.'

हे वाक्य मी वाचणार नाही. आत्ता वाचलं ते तुम्हाला ऐकवायला. मानपत्र म्हणून नाही.

का, ते सांगते. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून सुरुवातीपासून सांगावं लागेल. बाकी सगळ्यांना ठाऊक आहे. दुखणं तेच आहे.

साहेब, पंच्याण्णव साली हा सेक्टर म्हणजे अर्धे बांधलेले फ्लॅट आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या म्हशी. दिल्लीतली सरकारी क्वार्टर्स सोडून आम्ही इथं स्वतःच्या घरात आलो होतो. घरोघरी नुकती केबल आली होती, आणि वीज नव्हती. सकाळी ऑफिसवाले चार्टर्ड बस पकडायचे. त्या बसमध्ये पत्ते चालायचे, वाटाणे सोलले जायचे, स्वेटर विणले जायचे, आणि त्या वर्षी एका सिनेमावर वाद चालायचे. मी रिटायर होईपर्यंत त्याच बसनं जात होते, तेव्हा हे सगळं माझ्या कानावरून गेलेलं आहे.

सिनेमा हिंदी होता. त्यात तारिणी नावाची एक मुलगी. कुठून आली, कुणाची, कुणालाच माहीत नाही. काळे कपडे, घारे डोळे, घोड्यावर बसते, इन्स्पेक्टरला इंग्रजीत सुनावते. शेवटच्या दृश्यात अंधारातून एका पुरुषाचा आवाज तिला लहानपणच्या नावानं हाक मारतो. ती वळते. पडदा काळा. दुसरा भाग पुढच्या वर्षी!

झालं. तो आवाज कुणाचा? तारिणीचा बाप कोण?

"जेलरच. पैज लावा."

"बिल्कुल नाही! अहो, चाल बघा तिची. राजघराण्यातली आहे ती."

"मला विचाराल तर तो न्यायाधीश. सारखा चष्मा पुसतो, बघितलं नाही का? अपराधी मन आहे त्याचं."

"काही म्हणा, चांगल्या घरचं रक्त लपत नाही."

हे शेवटचं वाक्य रोज कुणीतरी म्हणायचं, आणि रोज सगळे माना डोलवायचे. त्या सिनेमात एक धोबीण होती. तारिणीला तान्हेपणापासून तिनं वाढवलेलं. दोन दृश्यं तिच्या वाट्याला, दुसऱ्यात ती मरते. एके दिवशी मी बसमध्ये विचारलं, "त्या धोबिणीचं काय?" शंकरराव म्हणाले, "तिचं काय?" मी म्हटलं, "तिनं वाढवलं ना हिला?" तर म्हणाले, "हो, पण ती *तशी* कुणी नाही ना." शंकरराव, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात. मी शब्द बदललेला नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर पट्टीनं मारायच्या, त्यांच्याबद्दल मला फार प्रेम नाही. पण वर्गात कुणाच्या आईबापाचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणत, तो प्रश्न अ‍ॅडमिशनच्या दिवशी ऑफिसात विचारून झालेला आहे. पुन्हा विचारायचा नाही. एवढं साधं शिक्षण आपल्यातल्या डबल ग्रॅज्युएटांना मिळालेलं नाही.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळानं अभिरूप न्यायालय ठेवलं. खटला: तारिणीचा बाप कोण? न्यायाधीश आजचे आपले अध्यक्ष. सरकारी वकील शंकरराव. आणि तारिणीच्या कामाला विनया आणि मुरलीधर यांची मुलगी, अपूर्वा. उंच, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. कॉलेजात होती. कमिटीत कुणीतरी म्हणालं, "मेकअपचासुद्धा खर्च नाही!" केवढे हसले सगळे. मला वाटलं, डोळ्यांवरून हसताहेत. ते कशावर हसत होते, ते मला नंतर कळलं.

विनयानंच तिचा काळा ड्रेस शिवला. नेहमीप्रमाणे विंगेत स्क्रिप्ट घेऊन उभी राहिली. धोबिणीचं काम करणाऱ्या बाईंना ऐन वेळी ताप आला, तर म्हणाले, "विनयाताई, तुम्हालाच सगळी वाक्यं पाठ. व्हा उभ्या." ही आली. कुणाला नाही म्हणायची सवय हिला कधी नव्हतीच.

शंकररावांनी सुरुवात छान केली. "साक्षीदारानं आपलं नाक कोर्टाला दाखवावं." हशा. "हे नाक जेलरचं आहे काय?" हशा. मग सिनेमात मेलेल्या धोबिणीलाही पिंजऱ्यात बोलावलं. सिनेमाच्या मासिकावर हात ठेवून शपथ झाली. स्क्रिप्टमध्ये प्रश्न होता, 'या मुलीला तू जन्म दिलास का?' आणि उत्तर होतं, 'नाही मायबाप, मी फक्त सांभाळली.' एवढंच.

विनया बोलेना.

साहेब, ही बाई आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं वाक्यं पुरवत आली. कुणाचं अडलं की विंगेतून हिचा आवाज. त्या दिवशी हिचं अडलं, आणि विंगेत कुणी नव्हतं.

शंकररावांना वाटलं, प्रयोग पडतोय. ते म्हणाले, "अहो, बोला की! बरं, तारिणीचं राहू द्या. अपूर्वाचं सांगा. हिला तरी जन्म दिलात ना?"

हॉल हसला. टाळ्यासुद्धा पडल्या. विनया उभीच. आणि अपूर्वा तिच्याकडे बघत होती. पहिल्यांदा हसून, मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून, मग तेही नाही. तिला तिथं कळलं. काळा ड्रेस घालून, खोट्या कोर्टात, आपल्या सगळ्यांच्या टाळ्यांत.

मी तिसऱ्या रांगेतून उठून म्हटलं, "पुरे करा." मला उत्तर मिळालं, "अहो कुसुमावतीबाई, गंमत आहे. बसा." मला बसायला सांगायची या मंडळाला जुनी सवय आहे. न्यायमूर्तींनी टेबलावर हातोडी आपटली आणि सांगितलं की निकाल राखून ठेवला आहे, दुसरा भाग आल्यावर देऊ. त्यावरही टाळ्या.

नंतर शंकरराव म्हणाले, "मला वाटलं, मुलीला माहीत असेल." ते जुन्या क्वार्टर्समध्ये विनयाचे शेजारी. त्यांना माहीत होतं, त्यांच्या घरात माहीत होतं, मग हळूहळू सबंध सेक्टरला माहीत. आणि प्रत्येकानं धरून चाललं की सगळ्यांना माहीत आहे तर मुलीलाही असणारच. विनया आणि मुरलीधर सांगणार होते. बारावी होऊ दे, मग कॉलेज सुरू होऊ दे. चांगला दिवस बघत होते. तो दिवस आपण बघून दिला.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? चार्टर्ड बसला नवी तारिणी मिळाली. "काश्मिरी असणार, डोळे बघा." "कुणा आर्मीवाल्याची..." "तसं नाही हो, पहाडगंजच्या हॉटेलांत फॉरेनर बायका राहायच्या ना तेव्हा, त्यातलीच कुणीतरी." आणि हे मागे बोलून भागेना. एक बाई मुद्दाम घरी जाऊन अपूर्वाला सांगून आल्या. मदत म्हणून! त्याही आज आल्या आहेत. नाव घेत नाही, त्यांनी चहाची व्यवस्था पाहिली आहे.

ती पोरगी मे महिन्याच्या उन्हात पहाडगंजच्या हॉटेलांतून फिरली. आपला फोटो काउंटरवर ठेवायची आणि विचारायची, भैया, ऐसी शकल की कोई मेमसाब यहाँ रहती थी क्या, बीस साल पहले? एकानं तिलाच विचारलं, "कमरा चाहिए?" हे मला मुरलीधरांनी सांगितलं. ते तिच्या मागोमाग असायचे, तिला दिसणार नाही इतक्या अंतरावरून. ऑफिसातून अर्धी रजा टाकून. पुढच्या वर्षी मुरलीधर गेले. मी डॉक्टर नाही, कशानं गेले ते सांगणार नाही.

पुढे अपूर्वाला गुडगावात नोकरी लागली, काचेच्या एका बिल्डिंगमध्ये, परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची. तिथं तिला कामापुरतं इंग्रजी नाव दिलं होतं. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी होण्याचा रीतसर पगार. तिथून ती कुठं गेली, विनयाला नक्की माहीत नाही. बंगलोर म्हणतात, कुणी दुबई म्हणतं. त्याच्यावरही तुमचे तर्क असतील, मला ऐकायचे नाहीत. वर्षातून एखाद-दोनदा तिचा फोन येतो. "तुम्ही बऱ्या आहात ना?" एवढं विचारते. जन्मभर 'आई, तू' म्हणणारी मुलगी. माझ्यासमोर आला होता एकदा तो फोन. विनया "हो, हो" म्हणाली, आणि ठेवल्यावर मला म्हणाली, "आवाज बरा वाटला." त्या 'तुम्ही'बद्दल एक शब्द नाही.

दुसरा भाग आला, हे तुमच्यापैकी किती जणांना आठवतं? हात वर करा. नाही ना? आला होता. थिएटरात आठवडाभर टिकला नाही. मी गेले बघायला, हॉलमध्ये माझ्याखेरीज खुर्च्याच होत्या. तो आवाज कुणाचा निघाला, सांगू? कुणाचाच नाही. एक म्हातारा, त्याची त्याच नावाची मुलगी हरवलेली, त्यानं अंधारात चुकून हिला हाक मारलेली. संपलं. बसमध्ये मी हे सांगितलं असतं, पण तोवर मी रिटायर झाले होते, आणि बसवाल्यांना शेअरबाजार सापडला होता. उत्तर कुणाला हवं होतं? लोकांना प्रश्न हवा होता, चघळायला.

आता विनया चालली आहे. तिसरा मजला, गुडघे, आणि सांगलीहून भाऊ न्यायला आलाय. तो गेली तीन वर्षं बोलावतो आहे. ही जात नव्हती, आणि आपण म्हणत होतो, केवढा हिला मंडळाचा लळा! मंडळाचा नाही. अपूर्वाजवळ एकच नंबर आहे, हिच्या घरातल्या फोनचा. घर सोडलं तर त्या मुलीनं लावायचा कुठं? एवढ्यासाठी ही बाई गुडघे धरून तो जिना चढत राहिली.

तो नंबर मी अर्ज करून माझ्या घरी लावून घेतला आहे. आणि म्हणून मला या हॉलकडे एक मागणं आहे. मानपत्र देता आहात, शाल देता आहात, द्या. पण उद्या अपूर्वाचा फोन मला आला तर मी सांगणार आहे, "तुझी आई सांगलीला आहे, पत्ता लिहून घे." ती कदाचित विचारील, कोण? मी पुन्हा तेच सांगेन. तुमच्यापैकी कुणाच्या दारात ती आली, बाजारात भेटली, विमानतळावर दिसली, तर तुम्हीही एवढंच सांगायचं. तुझी आई सांगलीला आहे. पुढे काही जोडायचं नाही. डोळे बघायचे नाहीत.

नरसिंहराव, निकाल तुम्ही राखून ठेवला होता. आज तो द्याल असं वाटलं होतं. तुम्ही चष्मा पुसता आहात. असो. दिलात तरी ती मुलगी काही उद्या परत येत नाही.

मानपत्रातलं ते वाक्य मी खोडलं आहे. सोनेरी नक्षीला धक्का लागलेला नाही.

संयोजकांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी घड्याळ न बघता ऐकलं, माइकवाल्यानं मध्येच आवाज कमी केला नाही, सगळ्यांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. मागते. पण दिली नाहीत तरी चालेल, तुम्हाला ती दुसरीकडे मागावी लागणार आहे.

विनया, आज सकाळी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन तुझा नंबर फिरवून पाहिला. वाजतो.