टाकीचा जीव गुदमरला

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमी लेकराला लस द्यायला पोखर्णीहून परभणीला निघालो अन् आमची जुनी व्हॅन वाटेत तीनदा बंद पडली. ह्यांनी फिल्टर साफ केला, पेट्रोलचा पाइप तोंडानं फुंकला. बारानंतर लस मिळत न्हाई, म्हणून मी रडकुंडीला आले.

शेवटी पिंगळीच्या मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडलं. फुस्स!

"दादा, टाकीत हवाच जाईना, मग पेट्रोल पुढं कसं सरकंल? झाकणावर पिशवी कुणी आवळली?"

वासानं लेकराला उलटी होती, म्हणून मीच बांधली होती.

ह्यांनी माझ्या मांडीवरच्या लेकराकडं बोट दाखवलं. "भर मे महिन्यात ह्याला कानटोपी घातली ना, त्याच बाईनं."

पिशवी काढली, लस वेळेत मिळाली. बायांनो, झाकण मोकळं ठेवा, एवढं समद्यांना सांगा. टोपीचं मात्र कुणाला सांगू नका.