चार बोटं

सान पेद्रोची बस हॉस्पिटलच्या थांब्यावरून निघाली. मिरेयाला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण पुढच्या बाकावरच्या दोघींचे आवाजच तसे होते.

"दोमितिला, कसा आहे गं तुझा कॅचर नवरा?"

"अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून शब्द नाही, चारो."

"अगं बाई!"

"आधी तरी कुठे बोलायचा? जन्मभर बेसबॉलमध्ये बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून, चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी खुणा केल्या. एक बोट म्हणजे जोरात टाक. रिटायर झाला, तर घरातही तेच! एक बोट कॉफी, दोन बोटं भात. मी ओरडायचे, मी काय तुझा पिचर आहे का?"

"आणि आता?"

"आता डॉक्टर मलाच विचारतात, काय म्हणतोय तो?"

"ऑपरेशनचं काय ठरलं?"

"काल विचारलं त्याला. त्यानं चार बोटं वर केली."

"म्हणजे?"

"समोरचा बॅट्समन फारच भारी असला, की त्याच्याशी झुंजायचं नाही. त्याला फुकटात पुढच्या बेसवर जाऊ द्यायचं. त्याची खूण."

"देवा! मग?"

"मी मान हलवली. नाही म्हटलं."

"अगं, पण त्याचीच इच्छा नसेल तर..."

"कॅचर नुसती खूण करतो, चारो. चेंडू पिचरच्या हातात असतो."

"रागावला?"

"बराच वेळ बघत राहिला माझ्याकडे. मग एक बोट दाखवलं."

"जोरात टाक म्हणाला, की कॉफी मागितली?"

"मी दोन्ही समजले. कॉफी पाजली, आणि आज ऑपरेशनची तारीख घेऊन आले."