आतून न उघडणारे दार

मी, अंगद सोनाजी शिंगाडे, वय ३६ वर्षे, धंदा मोटारींची दारे, कुलपे व काचा दुरुस्ती, मूळ राहणार लासूर स्टेशन, हल्ली उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

वरील ठिकाणी माझे बारा वर्षांपासून दुकान आहे. माझी आई बानाबाई, वय ६१, गावी मजुरीला जात असे. दिनांक ११ मार्च रोजी कांदा काढून पाच बाया विश्वजीत बोडखे यांच्या जुन्या जीपमधून परत येत होत्या. गाडी ते स्वतः चालवत होते. वाटेत वायरिंग जळून गाडीत धूर झाला. बोडखे पुढून उतरून लांब पळाले. मागचे दार आतून उघडले नाही. चार बाया काचेतून बाहेर निघाल्या. आईच्या गुडघ्यात दुखणे होते, बाहेरून दार उघडेपर्यंत ती आतच गुदमरून वारली.

बोडखे यांनी तेव्हा जबाब दिला की दार चांगले होते, म्हातारीने घाबरून आतली कडी धरून ठेवली. तो जबाब माझा मोठा भाऊ गोकुळ याने मला वाचून दाखवला. गोकुळने अर्ज केल्यावरून गाडीची पुन्हा तपासणी ठरली. ती उद्या आहे.

आज दुपारी दोनच्या सुमारास बोडखे तीच जीप घेऊन माझ्या दुकानी आले. ते मला ओळखत नव्हते. मी नंबर ओळखला. ते म्हणाले, "मागचं दार आतून उघडत नाय, दोन वर्षं झाली. बाहेरूनच उघडावं लागतं. आजच करून द्या, उद्या साहेब लोक बघणारेत."

मी बाहेरून दार उघडून बघितले. आतल्या कडीची सळई कुलपापासून निसटलेली होती व खटका गंजून बसला होता. मी म्हणालो, "आत बसून कडी ओढा, कुठं अडकतं ते बघतो." ते आत बसले. मी दार मुद्दाम लावले. पुढची दारेही चावीने लावली. काचा वर होत्या. गाडी उन्हात होती.

त्यांनी कडी ओढली. नंतर काचेवर हात मारू लागले. मी काचेजवळ जाऊन म्हणालो, "मी बानाबाईचा पोरगा. कडी कोण धरून बसलंय आतून?"

ते म्हणाले, "उघड रे बाबा, जीव घाबरायलाय."

"माझ्या आईनं धरली होती का?"

"नाय, नाय. कुणीच नाय धरली. ते उघडतच नव्हतं."

मी मोठ्याने बोलायला लावले. त्यांनी तीन वेळा सांगितले. शेजारचे पंक्चरवाले फकिरा व रस्त्यावरचे दहा-बारा लोक ऐकत होते.

उत्तर मिळाल्यावरही मी लगेच दार उघडले नाही. किती वेळ, असे विचारल्यावरून सांगतो की, सात मिनिटे. घड्याळ लावून. आईला तेवढाच वेळ लागला, असे त्या बायांनी मला सांगितले होते. फकिरा म्हणाले, "अंगद, बास कर, मरंल तो." सात मिनिटे झाल्यावर मी दार उघडले. बोडखे चालत बाहेर आले. फकिरांनी त्यांना पाणी दिले. मी दिले नाही.

दार मी दुरुस्त केलेले नाही. सळई व खटका जसे होते तसेच आहेत, पंचांसमोर बघून घ्यावेत. गाडी मीच इथे आणून लावली व चावी ठाणे अंमलदारांकडे दिली.

बोडखे यांनी कोंडून ठेवल्याची माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, ती खरी आहे. पुन्हा असे कराल का, या प्रश्नाला मला उत्तर द्यायचे नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "दार चुकून लागले" असे लिहिले होते. हवालदार म्हणाले, "राहू दे, तुझ्याच भल्याचं हाय." मी "चुकून लागले" हे शब्द खोडायला लावून तिथे "मुद्दाम लावले" असे लिहवून घेतले. आता सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.