पुलाच्या पलीकडं

व्यंकटी : हिरवा न्हाई म्हणलं ना. तांबूस पायजे.

सरजाबाई : आवो, झाडाचं पान तांबूस कुठं असतंय? डोळे तुमचे अधू, अन् आंधळी मला समजून राहिले का?

व्यंकटी : मोहाचं झाड हाय ते. चैतात कवळी पालवी अशीच असती, घासलेल्या कळशीवानी. पुलाच्या पलीकडं, रुळापासनं धा पावलांवर लाव. किनवटच्या जंगलात सत्तावीस वर्सं चावीवाला होतो, रोज त्याच्याच खाली भाकर खाल्ली.

सरजाबाई : चावीवाला म्हणे! कुलूप तर एक न्हाई उघडलं जन्मात.

व्यंकटी : रुळाच्या चाव्या ठोकीत जायचो रोज. एक ढिली राहिली तर अख्खी गाडी पडती. तुला खेळ वाटून राहिला.

सरजाबाई : खेळच की हा. लेकीनं, मनिषानं, लातूरहून सेलवरची खेळण्यातली गाडी काय पाठवली, तुम्ही दिवाणावर जंगल उभं केलं. घोसाळ्याच्या जाळीचं सागवान, उदबत्तीच्या काड्यांचा पूल. देवापुढं लावायला एक काडी ठेवली न्हाई. एवढी घाई कशाची?

व्यंकटी : नांदेडचा डॉक्टर काय म्हणला, इसरलीस? डावा गेला. उजव्यानं दिवाळीपर्यंत दिसलं तर नशीब. त्याच्या आत एकदा ते सगळं डोळाभर बघायचंय मला.

सरजाबाई : इसरन कशी? म्हणून तर गेरू कालवून राहिले.

व्यंकटी : पाणी कोणत्या रंगाचं केलंस?

सरजाबाई : काळं.

व्यंकटी : काळं? मी सांगितलं न्हाई अन् तुला कसं कळलं?

सरजाबाई : वरून बघितलंय मी ते. पुलावरच्या पिंजऱ्यातून.

व्यंकटी : ती गोष्ट काढू नको.

सरजाबाई : का नको? नवीन लगीन. तुम्ही भाकर इसरून गेलते. क्वार्टरपासनं चालत आले, अन् पुलाच्या मधोमध असताना मागून शिट्टी. माणसाला उभं राहायला तो पिंजरा होता म्हणून वाचले. भाकर पोटाशी धरून उभी. सारा पूल हालून राहिला, अन् मी आपली पाण्याकडं बघत.

व्यंकटी : मी पलीकडच्या काठाला. पळत यावं तर मधी गाडी. शेवटचा डबा सरेपर्यंत माझ्यात जीव नव्हता, सरजा.

सरजाबाई : अन् गाडी गेल्यावर काय केलं? पुलावर येऊन भाकर हिसकली, अन् आल्या पावली परत धाडलं. घोटभर पाण्याला बी बोलावलं न्हाई पलीकडं.

व्यंकटी : भ्यालतो गं.

सरजाबाई : सत्तावीस वर्सं भिऊनच होते व्हय? एक दिवस तरी म्हणायचं, चल, बस माझ्या झाडाखाली. लई वाईट वाटायचं मला. रोज घरी येऊन त्याच झाडाच्या गोष्टी सांगायचे, अन् मी आपली अर्ध्या पुलावरच राहिले.

व्यंकटी : कधी बोलली न्हाईस.

सरजाबाई : कधी इचारलं न्हाई. घ्या, वाळला झाडाचा रंग. बघा बरं, झालं का तांबूस?

व्यंकटी : हाव. तसंच. हुबेहूब तसंच हाय गं! आता थांब, बोटानं चालून बघतो. पुढं असंच यावं लागंल.

(तो डोळे मिटतो आणि दोन बोटं पुलावरून पावलांसारखी चालवतो.)

व्यंकटी : ही पट्टी घट्ट हाय. ही बी. ही बी. आता पिंजरा आला. आत काय लागून राहिलं बोटाला?

सरजाबाई : कणकेची बाई हाय. परवा तुम्ही दुपारी पडले होते तवा केली. हिरवं लुगडं रंगवलंय.

व्यंकटी : पोटाशी काय धरलंय तिनं?

सरजाबाई : भाकर.

व्यंकटी : चिकटवली न्हाईस हिला?

सरजाबाई : न्हाई.

व्यंकटी : मनिषाची गाडी बंद हाय ना? बटन बघ एकदा.

सरजाबाई : बंद हाय.

व्यंकटी : नीट बघ.

सरजाबाई : बघितलं. सेलच काढून ठेवले.

व्यंकटी : मग चल, सरजा. बोट धर माझं.