शुक्रवारी चारनंतर

(सोमवार, सकाळचे साडेआठ. ॲबर्डीनमधल्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. मच्छीमार ॲली पिरी यांची गुंगीची औषधं शुक्रवारी बंद केली. ते अजून जागे झालेले नाहीत. खाटेशी विभागाचे डॉक्टर स्ट्रुअन गेडिस, औषधतज्ज्ञ कॅट्रिओना आणि परिचारिका सेंगा.)

कॅट्रिओना : फिटच्या औषधाचा डोस कोणी वाढवला?

गेडिस : शनिवारच्या डॉक्टरनं. रक्तातली पातळी कमी आली होती.

कॅट्रिओना : कमी नव्हतीच ती.

गेडिस : म्हणजे लॅब खोटं बोलते?

कॅट्रिओना : लॅब एकूण आकडा देते. हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतं. चिकटलेलं निकामी, सुटं असतं तेच मेंदूवर काम करतं. यांचं अल्ब्युमिन पार तळाला गेलंय. आकडा कमी दिसतो, पण सुटं औषध भरपूर. त्यावर शनिवारी आणखी दिलं, काल आणखी.

गेडिस : मला माहीत आहे हे. परीक्षेला असतं.

सेंगा : शनिवारी कोणाला आठवलं नाही वाटतं.

गेडिस : सेंगा, विभाग भरलेला आणि डॉक्टर एकटा.

सेंगा : मीपण इथंच होते ना. जेवायलासुद्धा बसला नाही बिचारा. म्हणून तर म्हणते, ही कॅट्रिओना हवी होती.

कॅट्रिओना : मी सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी चारनंतर कोणी आजारी पडायचं नाही.

गेडिस : माझ्यावर कशाला घसरतेस? शनिवार-रविवारी तुझी पाळी असावी म्हणून मीच भांडलो, दोनदा. वरून उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू.

कॅट्रिओना : आज अकराला यांच्या बायकोला, नेट्टाला, काय सांगणार आहात?

गेडिस : नवरा जागा होत नाही. मेंदूच्या स्कॅनवर डाग आहे. श्वासाची नळी काढून त्याला जाऊ द्यायचा विचार करावा लागेल.

कॅट्रिओना : आणि हे नुसते औषधानं झोपले असतील तर?

गेडिस : आणि दोन्ही असेल तर? तू तिला आशा लावणार, निस्तरायचं मी.

कॅट्रिओना : आशा कुठं मागतेय? दिवस मागतेय. ते औषध थांबवा. दुसरं चालू आहेच, फिट आली तर ते आहे. आणि सुट्या औषधाची तपासणी पाठवा.

गेडिस : ती इथं होत नाही.

कॅट्रिओना : नाही. बुधवारी कळेल.

गेडिस : बुधवारी. खाली इमर्जन्सीत एक बाई या खाटेची वाट बघतेय. तिला सांगू, बुधवारपर्यंत दम धर?

सेंगा : स्ट्रुअन, आवाज कमी. त्यांना ऐकू जात असेल.

गेडिस : जातंय की नाही, तेच तर कळत नाहीये.

कॅट्रिओना : मग कळल्यावर सांगा नेट्टाला.

गेडिस : ...थांबव औषध. रक्त पाठव. अकराची भेट होणारच, पण नळीचं आज बोलत नाही. तू बस माझ्याबरोबर.

कॅट्रिओना : मला खाली बोलावलंय, औषधांच्या खिडकीवर. तिथं माणसं कमी आहेत.

गेडिस : इथं जास्त आहेत का? मी करतो खाली फोन.

सेंगा : नेट्टा आलीय. कधीची बाहेर बसलीय. त्यांचा चष्मा आणलाय. म्हणाली, डोळे उघडले तर लागेल ना.

गेडिस : तू काय म्हणालीस?

सेंगा : ठेवून घेतला.