फुकट मिळालेली माफी

आमचं गाव अंधेरीचं, म्हणजे आता तुम्हाला गाव काय दिसणार नाय, मेट्रोचा पूल दिसेल, काचेच्या बिल्डिंगी दिसतील, पण त्यांच्या मागे वळलात का गावठाणाचा खुरीस लागतो, पांढरा क्रूस, आणि त्याच्या बाजूचं कौलारू घर ते आमचं. तिथंच मी जन्मले, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेले, नवरा वारल्यावर परत तिथंच आले. लुसी माझं नाव. बाबा भातशेती करायचे, मग जमीन कारखान्यात गेली आणि बाबा त्याच कारखान्यात वॉचमन लागले, आपल्याच शेतात दंडुका घेऊन उभे, काय सांगू तुम्हाला.

आय आमची लई देवभोळी. शुक्रवारी मटण नाय, ईस्टरच्या आधीच्या उपासात तर मासळीला पण हात नाय, आणि आम्हाला सांगायची, पोरी, स्वर्गाला शिडी हाय, चांगलं केलं का एक पायरी वर, वाईट केलं का दोन खाली. मला ते पटायचं. का नाय पटणार? मी लग्नाघरी फुगे तळणारी बाई, फुगे म्हणजे आमच्या लोकांचे ते गोल पाव, तेलात तळलेले, पहाटे पीठ मळायला बसायचं ते नवरी चर्चात मिसाच्या प्रार्थनेला निघेपर्यंत कढईपुढून उठायचं नाय. राबल्याशिवाय काय मिळतं माणसाला? मग स्वर्ग तरी कसा मिळेल, असाच माझा हिशेब होता.

आणि माझा भाऊ पास्कू, माझ्याहून मोठा, तो शिडीच्या उलट्या बाजूचा. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, अख्ख्या अंधेरीत त्याच्यासारखा वाजवणारा नव्हता, पण वाजवून झालं का दारू, आणि दारू झाली का घरात आरडाओरडा. लग्न झालं मालाडच्या रेजिनाशी, गुणी मुलगी, एक पोरगी झाली, शैरल. पोरगी पाळण्यात असताना हा बँडबरोबर गोव्याला जातो म्हणून गेला तो परत आलाच नाय. पत्र नाय, फोन नाय. रेजिनावहिनीने थोडी वाट बघितली, मग माहेरी मालाडला गेली, शाळेत आया म्हणून लागली आणि एकटीने पोरगी वाढवली. आमची आय शेवटपर्यंत पास्कू पास्कू करत गेली. तिचं हगणंमुतणं मी काढलं, मातीला पण मीच उभी होते, हा नव्हता.

आणि मग एका दुपारी रिक्षा येऊन थांबली आणि त्यातून हा उतरला. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, पाय काटक्या. म्हणाला, लुसे, मराया आलोय. मी काय हाकलणार? रक्त हाय. डॉक्टरकडे नेला, त्यांनी बघितलं आणि मान हलवली, म्हणाले घरीच ठेवा. मग मी फादरना बोलावलं, वसईचे तरुण फादर, हसतमुख. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, पास्कूने सगळी पापं सांगितली, कुमसार म्हणतो आम्ही त्याला, फादरनी माफी दिली, कपाळाला तेल लावलं, कोमुन्यांव, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, तो दिला. दार उघडलं तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं, अहो, न्हाऊन काढलेल्या लेकरासारखं तोंड.

मी फादरना स्वयंपाकघरात चहा दिला आणि विचारलं, फादर, याचं सगळं माफ? म्हणाले, सगळं. आत्ताच्या आत्ता? हो, आत्ताच्या आत्ता. म्हणजे आज मेला तर वर दार उघडं? म्हणाले, लुसीबाई, दार त्याने उघडलेलं नाय, दुसऱ्या कुणीतरी उघडलंय. माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, मग मी काय वेडी हाय? उपास मी धरायचे, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना मी करायच्या, आयची सेवा मी करायची, आणि हा शेवटच्या दिवशी येऊन पुढच्या बाकावर बसणार? फादरनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, आयचं केलंत ते स्वर्गासाठी केलंत का आयसाठी? म्हटलं, आयसाठी, दुसरं कशासाठी! तर म्हणतात, मग त्याची मजुरी देवाकडे कशाला मागता? मी म्हटलं, फादर, तुम्ही बोलायला हुशार, पण माझा राग काय गेला नाय. ते हसले, म्हणाले, राहू दे, देवाला चालतो.

आता पुढची गंमत ऐका. पास्कू मेलाच नाय. आम्ही तयारीत, मयताच्या पेटीवाल्याला सांगून ठेवलेलं, नात्यातल्या बायांनी काळे कपडे इस्त्री करून ठेवले, आणि याने सकाळी पेज मागितली. दुसऱ्या दिवशी म्हणतो बोंबील हाय का. डॉक्टर पण चक्रावले. दारू सुटली ती सुटलीच, हळूहळू उठायला लागला, अंगणात खुर्ची टाकून बसायला लागला. पण तोंड उतरलेलं. मी विचारलं, काय रे, जगलास ना, मग सुतक कसलं? म्हणाला, लुसे, मेलो असतो तर सुटलो असतो, माफ झालेल्या माणसाने जगायचं कसं ते मला कुठं माहीत हाय. मला रेजिनाकडे ने.

म्हटलं, ती चपलेने मारेल. म्हणाला, मारू दे.

नेला. मालाडला दुसऱ्या माळ्यावर तिचं घर, जिना चढताना दर वळणाला बसत बसत गेला. वहिनीने साखळी न काढता दार उघडलं, त्याला बघितलं, पांढरी पडली. हा म्हणाला, रेजिना, देवाने मला माफ केलं. तर ती म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, देवाने केलं ते देवाचं, त्याने मला विचारलं होतं काय? आणि दार लावलं. मला, खरं सांगते, आतून बरं वाटलं. म्हटलं, बघ, इथं फुकट नाय मिळत.

पण पुढच्या रविवारी मिस सुटल्यावर हा एकटा बसने गेला. दार वाजवलं नाय, खाली जिन्याच्या पायरीवर बसला, दुपारी उठून घरी आला. पुढच्या रविवारी परत. पाऊस असो, ऊन असो. बिल्डिंगीतले लोक आधी हसले, मग कुणी पाणी द्यायला लागले. वहिनी येता-जाता त्याला ओलांडून जायची. मी म्हणायचे, बस बाबा बस, कमव.

आणि एका रविवारी, उन्हाळा लागला होता, वहिनी बाजारातून आली, याच्यापुढे थांबली आणि म्हणाली, वर ये, ऊन लागेल. बस, एवढंच. भात आणि कोळंबीचं कालवण वाढलं. हा जेवत होता आणि रडत होता, ताटात पाणी पडत होतं.

मला कळलं तशी मी पळत मालाडला गेले. म्हटलं, वहिनी, शेवटी कमावलं ना गं त्याने! तर अशी उसळली माझ्यावर. कमावलं? म्हणाली, लुसी, तो जन्मभर त्या पायरीवर बसला असता तरी माझी ती वर्षं भरून आली असती काय? शैरल तापाने फणफणायची आणि मी एकटी, ते भरून येतं काय? नाय येत गं. त्याच्याकडे द्यायला काय नव्हतंच. मग राहिली मी, द्यायचं का नाय द्यायचं. मी दिलं. त्याने नाय कमावलं, मी दिलं.

बाय गं, फादरनी चहा पिताना सांगितलं ते माझ्या कानात शिरलं नव्हतं, ते हिच्या तोंडून काळजात शिरलं. कारण हिला केवढी किंमत पडली ते मी बघितलंय. फुकट म्हणजे घेणाऱ्याला फुकट, देणाऱ्याचं सगळं जातं. आमच्या क्रुसावर जीव देणाऱ्या देवाचं पण तेच हाय ना, दुसरं काय हाय?

घरी येऊन पास्कूला विचारलं, मग तू बसायचास कशाला रे? म्हणाला, आधी वाटायचं बसलो तर देईल. नंतर तसं काय नव्हतं. मला एवढं मिळालं, मग रविवारी घरात बसवेना. हे मात्र मी मानलं. शिडीबिडी काय नाय, पण ज्याला मिळालं तो माणूस स्वस्थ बसत नाय, एवढं पक्कं.

आता तो माझ्याकडेच राहतो. वहिनीने स्पष्ट सांगितलंय, संसार आता नाय, रविवारचं जेवण हाय. ठीक हाय. शैरल त्याला अजून तुम्ही म्हणते, डॅडी नाय म्हणत, म्हणेल तेव्हा म्हणेल. गावठाणातल्या बाया मला विचारतात, लुसी, सगळं फुकट म्हणतेस तर अजून उपास का धरतेस? मी म्हणते, अगं, आधी धरायचे ते भीतीने, आता धरते ते खुशीने, आणि गुडघे दुखले तर सोडते पण, देव काय हजेरी घेत नाय. मी मरेन तेव्हा रिकाम्या हाताने जाईन आणि मला त्याची भीती नाय वाटत. तुम्ही आमचे नाय, दुसऱ्या धर्माचे, तरी एवढं बसून ऐकलंत. देव बरं करो तुमचं, आणि तुम्ही मागायच्या आधीच करो.