तळ्याकाठचा बहावा

मंडळी, ऐका! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज मला ओरडायचं आहे, आणि माझ्या वयाला वरच्या सुरात ओरडणं झेपत नाही.

पूर्वरंगात आपण प्रश्न मांडला: साहस श्रेष्ठ की सावधपण? मागच्या खांबाशी बसलेले गृहस्थ ताबडतोब म्हणाले, "साहस!" म्हणाले ना? लाजू नका. आणि त्यांच्या सौभाग्यवती काय म्हणाल्या? काहीच नाही! त्यांनी नुसतं छताकडे पाहिलं. मंडळी, आजचं सगळं आख्यान त्या छताकडे पाहण्यात आहे!

तर प्रश्न जरा नीट मांडू या. उडी एकानं मारायची आणि चिखल दुसऱ्यानं तुडवायचा, या प्रकाराला साहस म्हणावं का? हो की नाही ते शेवटी सांगा. घाई नाही.

गारमाळ नावाचं एक थंड हवेचं गाव होतं. तिथे साहेबाच्या काळापासूनचं एक गोल्फचं मैदान. हसू नका! "आजी गोल्फवर कीर्तन करणार" असं कुणीतरी पुटपुटलं. हो, करणार! देव काय फक्त गाभाऱ्यात असतो? माणसं जिथे जिथे एकमेकांशी वागतात, तिथे तिथे तो साक्षीला उभा असतो, मग हातात टाळ असो की काठी!

खेळ सोपा आहे. भलंमोठं मैदान, एवढासा चेंडू, आणि त्याहून जेमतेम मोठा खड्डा. खड्ड्याभोवती तुळतुळीत हिरवळ, मधोमध झेंडा. काठीनं चेंडू मारत मारत तिथवर न्यायचा. कमी फटक्यांत नेईल तो जिंकला. असे अठरा खड्डे.

आता इकडे लक्ष द्या. गारमाळच्या क्लबात दरवर्षी जोडीचा सामना होई. एक पुरुष, एक स्त्री. आणि या सामन्याची रीत अशी, की जोडीला चेंडू एकच! एक फटका तिचा, पुढचा त्याचा, त्याच्या पुढचा पुन्हा तिचा. तो चेंडू जिथे टाकेल, तिथून तिनं खेळायचं. ती जिथे टाकेल, तिथून त्यानं. पाळी बदलता येत नाही, तक्रार चालत नाही. काय हो, ओळखीचं वाटतंय का? संसार म्हणतात याला! तिथे काठ्या नसतात इतकंच. काही घरांत त्याही असतात, पण तो विषय वेगळ्या कीर्तनाचा.

त्या क्लबात खानविलकरांची जोडी खेळे. विश्वासराव आणि कुमुदिनीबाई. विश्वासराव म्हणजे पिळदार मिशा, भरदार छाती, आणि फटका असा की चेंडू शोधायला दुर्बीण लागावी. कुमुदिनीबाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा लांबचा फटका बेताचा. पण झेंड्याजवळचा छोटा फटका? अहाहा! सुगरणीनं भाकरी तव्यावर टाकावी, तसा चेंडू हिरवळीवर अलगद टेकायचा.

विश्वासराव धाडसी म्हणून गावात प्रसिद्ध होते. भर पंगतीत उठून म्हणायचे, "यंदा अख्खा चातुर्मास सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं!" टाळ्या त्यांना, पोळपाट हिला. चांगली नोकरी एका दुपारी सोडून आले. "जमलं नाही, ठोकरून आलो!" मित्र म्हणाले, वाघ आहेस! वाघ कोचावर बसला. आणि बाईंनी दुसऱ्या दिवसापासून शाळेत शिकवायला सुरुवात केली. तिला विचारलं होतं का कुणी? अहो, विचारायचं सुचलंसुद्धा नव्हतं!

मैदानावरही तेच. शेवटचा, अठरावा खड्डा होता तळ्याचा. पहिला फटका बाईचा, ही जुनी प्रथा. चेंडू मैदानाच्या मध्यावर येऊन पडे. समोर तळं, तळ्यापलीकडे उंच काठ, काठावर हिरवळ आणि झेंडा. उजव्या हाताला तळ्याला वळसा घालणारी गवताची पट्टी, तिच्यावर एक बहाव्याचं झाड. आता दुसऱ्या फटक्याला दोन वाटा. सावध माणूस चेंडू बहाव्याखाली ठेवतो आणि तिथून पुढच्या फटक्यात झेंड्यापाशी. धाडसी माणूस थेट तळ्यावरून मारतो. गेला तर वाहवा. नाही गेला, तर पलीकडच्या काठाखालचा चिखल.

आणि चिखलातून पुढचा फटका कुणाचा? बोला! जोडीदाराचा!

दरवर्षी विश्वासराव तळ्यावरून मारत. दरवर्षी चेंडू चिखलात. दरवर्षी बाई चिखलात उतरत, धडपडत, आणि सामना जाई. आणि क्लबाच्या व्हरांड्यात चहा पिणारी मंडळी काय म्हणत? "विश्वासरावांनी काय जबरदस्त मारला होता! वहिनींनी घालवलं."

ऐकलंत? वहिनींनी घालवलं! अरे, डोळे आहेत की बटणं? चिखलात चेंडू नेला कुणी? पण व्हरांड्यातून एवढं सगळं दिसत नाही. तिथून दिसतो फक्त शेवटचा फटका आणि चिखलात उभी असलेली बाई.

(पेटीवाले, द्या सूर.)

टाकिला मी जेथ चेंडू, तेथुनी खेळे दुजा,
साहसाचा मान माझा, पंक त्याची का सजा?

तर त्या वर्षी सामन्याच्या सकाळी कुमुदिनीबाई बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाल्या, "एक सांगते. आज तळ्यात घातलात, तर पुढच्या वर्षी जोडीदार दुसरी शोधा."

विश्वासराव हसले. "अगं, सकाळी सकाळी अभद्र कशाला बोलतेस?"

"अभद्र नाही. सांगून ठेवतेय."

शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरी! समोर नौशीर आणि गुल मिस्त्री हे पारशी जोडपं. बाईंनी पहिला फटका मारला. सरळ, मध्यावर, आयुष्यात मारला नसेल इतका सुंदर! मिस्त्री जोडप्यानं आपला चेंडू बहाव्याच्या वाटेनं नेला.

विश्वासरावांनी भात्यातून लांब काठी काढली. बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "पुढचा फटका माझा आहे. बहाव्याखाली ठेवा. तिथून झेंड्यापाशी मी नेते."

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. क्लबाचे चिटणीस, अण्णा पेठे. "काय विश्वासराव, यंदा गवतातून जाणार? वय झालं का?"

संपलं! बायकोचं वाक्य हातभर अंतरावरून ऐकू येत नाही, आणि पेठ्यांचं वाक्य तळ्यापलीकडून काळजात घुसतं! मी विचारते, त्या क्षणी त्या चेंडूचा मालक कोण होता? जिला पुढे खेळायचं होतं ती, की जो चहा पीत होता तो?

मारला! चेंडू उंच गेला, उन्हात चमकला, व्हरांडा उभा राहिला... आणि थप्प! काठाखालच्या चिखलात.

बाई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उतरल्या. घोट्यापर्यंत चिखल. समोर उभा काठ. आणि वर कोरड्या जमिनीवर उभे राहून यजमान काय सांगतायत? "वर मार! जोर लाव! घाबरू नकोस!"

घाबरू नकोस! मंडळी, माझं रक्त उकळतं! जिला तू चिखलात उतरवलंस तिला वरून धीराचे धडे देतोस? निदान गप्प तरी उभा राहा!

कुमुदिनीबाईंनी काठाकडे पाहिलं. जोर लावून वर मारलं असतं तर व्हरांडा खूश झाला असता आणि चेंडू पुन्हा पायाशी घरंगळला असता. त्यांनी पाठ फिरवली. आणि चेंडू मारला मागे! बहाव्याच्या दिशेनं!

व्हरांड्यात हशा फुटला. "मागे मारला! बाईंनी मागे मारला!"

हसा, तुम्हीही हसा. हसलात ना? थांबते मी. पुरतं हसून घ्या... झालं?

चेंडू गवतावर आला, बरोबर त्या झाडाखाली, जिथे त्यांनी ठेवायला सांगितला होता. आता पाळी विश्वासरावांची. छोटा फटका, ज्याला ते 'बायकी' म्हणत आणि म्हणून कधी शिकलेच नव्हते. हलक्या हातानं मारायचा, तर यांनी दिला दणका! चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या झुडपात. सामना गेला.

हातात चिखलाचे बूट घेऊन बाई अनवाणी व्हरांड्याच्या पायरीशी आल्या. वर पेठे म्हणत होते, "विश्वासराव, तुमचा तो तळ्यावरचा फटका म्हणजे... पण वहिनींनी मागे घेतलं ना!"

मंडळी, एक शब्द पुरला असता. "नाही हो पेठे." एवढाच! पण विश्वासराव हसले. म्हणाले, "चालायचंच! बायकांचा हात, दुसरं काय!"

बाईंनी ते ऐकलं.

घरी गेल्यावर यजमान म्हणाले, "अगं, एका खेळावरून एवढा अबोला?"

बाई म्हणाल्या, "चेंडू तळ्यात घातलात, तो खेळ होता. वर हसलात, तो नव्हता."

वर्ष फिरलं. विश्वासरावांना वाटत होतं, राग विरघळला असेल. सामन्याच्या सकाळी तयार होऊन पाहतात, तर बाई आपल्या काठ्या पुसतायत, आणि फाटकाशी नौशीर मिस्त्री उभे! गुलबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांनीच निरोप धाडला होता, "माझ्या नौशीरला कुमुदबाईंच्या हवाली करते."

यजमानांनी दुसरी जोडीदार शोधली की नाही? शोधली! क्लबातल्या प्रत्येक बाईला विचारून पाहिलं. एकीची कंबर धरली, एकीला माहेरी जायचं होतं, एकीच्या घरी ऐन त्याच दिवशी पाहुणे! तो चिखल त्या सगळ्याजणींनी वर्षानुवर्षं पाहिला होता ना! शेवटी वाघ बसला व्हरांड्यात, पेठ्यांच्या शेजारी, हातात चहा.

पुन्हा अठरावा खड्डा. पुन्हा बरोबरी. बाईंचा पहिला फटका मध्यावर. नौशीर चेंडूपाशी गेले, भात्यात हात घातला आणि थांबले. मागे वळून म्हणाले,

"कुमुदबाई, पुढचा फटका तुमचा. बॉल कुठे ठेवू, बोला नी?"

मंडळी... सोपा प्रश्न आहे ना? पण बाईंना उत्तर सुचेना. सगळ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता! सावध, सावध म्हणून जिला सगळे ओळखत होते, ती मुळात सावध होती की दुसऱ्याच्या धाडसाखाली दबलेली होती, हे तिला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं?

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. वाऱ्याकडे पाहिलं. काठाखालच्या चिखलाकडे पाहिलं, तो तर त्यांच्या चांगल्या ओळखीचा. आणि हात सरळ लांब करून झेंडा दाखवला.

"मारा तळ्यावरून!"

नौशीर दचकले. "आणि चिखलात गेला तर?"

"तर मी काढीन! या खेपेला मीच ठरवलंय ना? मग चिखलही माझाच!"

झालं का समाधान, साहसवाले? मी काही सावधपणाची आरती ओवाळायला उभी नाही! भित्र्या माणसाला माझ्या कीर्तनात बुक्का मिळत नाही. पण साहस करायचं ते पुढचा फटका ज्याचा आहे त्याच्या तोंडाकडे पाहून, त्याला विचारून! न विचारता केलंत, तर ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली मिजास! ऐका नीट. मिजास!

व्हरांड्यात पेठे उभे राहिले. "बघा, बघा विश्वासराव! काय धाडस या नौशीरचं!"

विश्वासरावांनी तो लांबलेला हात पाहिला होता. चहाचा कप तसाच खाली ठेवून म्हणाले, "नौशीरचं नाही, पेठे."

एवढंच. वर्षभर उशिरा आलेले तीन शब्द. उशीर माफ झाला की नाही, ते मला विचारू नका. ते कुमुदिनीबाईंचं त्यांनी ठरवायचं.

आणि चेंडू? पाहा, सगळ्यांच्या माना पुढे आल्या! पलीकडे गेला का, सामना कुणी जिंकला, चषक कुणाला? हे ज्यांना कळायला हवंय, ते सगळे अजून त्या व्हरांड्यात चहा पीत बसले आहेत! मी इतका वेळ घसा कोरडा केला तो याचसाठी का?

आणि आता माझा हिशेब. बाईंनी चेंडू मागे मारला, तेव्हा या सभामंडपात हशा पिकला. मी थांबले होते. मी मुद्दाम थांबले होते! कोण कोण हसलं ते या गादीवरून स्वच्छ दिसतं. पुरुष हसलेच, पण बायांनो, तुम्हीसुद्धा? घोट्यापर्यंतचा तो चिखल तुमच्या ओळखीचा नव्हता?

खांबाशी बसलेले गृहस्थ, तुम्ही आता छताकडे पाहू नका. शेजारी पाहा. घरी काहीतरी मोठं ठरवून ठेवलं असेल तुम्ही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. उद्या सकाळी चहाच्या वेळी विचारायचं: "पुढचा फटका तुझा आहे. कुठे ठेवू?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ती लगेच बोलणार नाही. सवय नाही तिला. थांबायचं!

आता देवाचं नाव घेऊन उठू. रोज मी सुरुवात करते आणि पुरुषांचा आवाज मंडप भरतो. आज तसं नाही. नाव कोणतं घ्यायचं आणि किती उंच सुरात, ते बाया ठरवतील. पुरुषांनी हात जोडून वाट पाहावी.

हं, मुलींनो. बोला. आम्ही थांबलोय.